फुकटचा मुक्काम आणि आईने न प्यायलेलं पाणी

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण जोडपं उभं होतं, नुकतंच फीनिक्सला आलेलं. त्यातल्या मुलीने मागे वळून विचारलं, "काका, तुम्ही उन्हाळ्यात डोंगरावर जंगलात राहता आणि एक पैसा लागत नाही, असं ऐकलं. खरं का?" मी म्हटलं, "खरं आहे." तिच्या नवऱ्याचा विश्वास बसेना. "अमेरिकेत फुकट? मग त्यात काहीतरी गोम असणार." गोम आहेच. ती सांगायला सुरुवात केली तर रांग पुढे सरकली, मसालेभात आला आणि गोष्ट अर्धी राहिली. शेजारी संपादक उभे होते. ते म्हणाले, "अर्धी राहिलेली आमच्याकडे लिहून द्या. आरोग्य आणि अर्थ या पानात घालू." मला वाटलं होतं की हा सहलीच्या पानाचा विषय. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं, संपादकांचं बरोबर आहे. आमच्या घरी या गोष्टीची सुरुवात पैशांच्या ओढाताणीने झाली आणि मध्यभागी एक दवाखाना आहे.

२००९ च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली. त्या वर्षी अनेकांची गेली, त्यामुळे त्यात माझं वेगळेपण काही नाही. घराचा हप्ता होता, दोन मुलं होती, सौ.ची नोकरी अर्धवेळ होती. आईचं तिकीट मात्र जानेवारीतच काढून ठेवलेलं. रद्द केलं तर पैसे परत मिळणार नव्हते. बाबा गेल्यानंतर ती प्रथमच येणार होती, तेव्हा रद्द करायचा प्रश्नही नव्हता. मे महिन्यात ती मिरजेहून आली, मुलांच्या शाळांना सुट्टी लागली, आणि पारा ११० च्या दिशेने निघाला. मुलांना सॅन डिएगोचा समुद्र कबूल केला होता. हॉटेलचे चार दिवसांचे पैसे मोजले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. घरात बसावं तर वातानुकूलनाचं बिल. आई दुपारी खिडकीचा पडदा बाजूला करून रस्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "अरे, इथे माणसं राहतात ना?"

आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहायचे. त्यांनी एका संध्याकाळी कुंपणावरून सहज विचारलं, "तुम्ही रिमवर का जात नाही? दोन तासांचा रस्ता. तिथे रात्री पांघरूण लागतं." मी म्हटलं, जागा राखून ठेवायला किती लागतील? ते हसले. "काही नाही. रस्त्याकडेला आत वळायचं आणि तंबू ठोकायचा."

माझा त्यांच्यावर विश्वास बसायला आठवडा गेला. आपण ज्या देशातून आलो तिथे रिकामी जमीन म्हटली की पहिला प्रश्न असतो, सातबारा कुणाच्या नावावर आहे? इथेही तोच प्रश्न विचारायचा असतो, आणि फुकट मुक्कामाचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे.

अमेरिकेत सरकारी जमीन प्रचंड आहे. फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९.३ कोटी एकर आहे आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएम या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर. दोन्ही मिळून आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पावणेसहा पट भरतात, आणि यातली बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत आहे. या दोन खात्यांच्या जमिनीवर, मनाई केलेली नसेल तिथे, आखीव कॅम्पग्राउंडच्या बाहेर मुक्काम करता येतो. त्याला डिस्पर्स्ड किंवा प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात. पैसे बहुधा लागत नाहीत, आगाऊ नोंदणी नसते. एका जागी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. आणि दुसऱ्या बाजूला नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, मोबाइलचा सिग्नल बहुधा नाही, आणि मदतीला कुणी नाही. त्या तरुणाने विचारलेली गोम ती हीच.

पण सरकारी जमीन म्हणजे सगळी एक नव्हे, आणि आपली मंडळी इथेच फसतात. नॅशनल पार्कचे नियम वेगळे, तिथे वाटेल तिथे तंबू चालत नाही. ॲरिझोनात स्टेट ट्रस्ट लँड नावाची आणखी एक जात आहे, सुमारे ९२ लाख एकर. नावात स्टेट असलं तरी ती सार्वजनिक जमीन नाही. १९१२ मध्ये ॲरिझोना राज्य झालं तेव्हा ही जमीन मुख्यतः शाळांसाठी उत्पन्न मिळावं म्हणून राज्याच्या हवाली झाली. आपल्याकडच्या देवस्थानाच्या इनाम जमिनीसारखं समजा. तिथे पाय ठेवायचा तर राज्याच्या खात्याकडून आधी परवाना विकत घ्यावा लागतो. मग नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या जमिनी. फीनिक्सच्या पूर्वेला त्या बऱ्याच आहेत आणि तिथे त्या त्या जमातीचा कायदा व परवाना चालतो. उरलेली खाजगी.

हे कसं ओळखायचं? जमिनीची मालकी दाखवणाऱ्या नकाशांत रंग ठरलेले असतात. हिरवा म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, पिवळा म्हणजे बीएलएम, निळा म्हणजे स्टेट ट्रस्ट, पांढरा म्हणजे खाजगी, आणि नारिंगीसर छटा म्हणजे आदिवासी जमिनी. आमच्या मुलाला सातव्या वर्षी हे रंग पाठ होते. गाडीत मागून ओरडायचा, "बाबा, निळं लागलं!"

रंग कळल्यावर दुसरा नकाशा. फॉरेस्ट सर्व्हिस प्रत्येक जंगलासाठी मोटर व्हेइकल यूज मॅप काढते. काळ्या-पांढऱ्या रेघांचा, दिसायला अगदी कळाहीन, पण फुकट मिळतो आणि त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे ते त्यात असतं. रस्त्याच्या कडेने ठिपक्यांची ओळ असेल तर तिथे ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो. अंतर किती ते त्याच नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. नकाशात रस्ता नसेल तर प्रत्यक्षात चाकोरी कितीही ठळक दिसली तरी तो रस्ता नाही, दंड होऊ शकतो. हा नकाशा घरून निघण्यापूर्वी फोनवर उतरवून घ्या. फोनमधल्या जीपीएसला सिग्नल लागत नाही, उतरवलेल्या नकाशावर आपण कुठे आहोत ते दिसतं. तरीही मी कागद बरोबर नेतो. बॅटरीवर माझा विश्वास नाही.

आणि तिसरं म्हणजे फोन करा. रेंजर स्टेशनला. आपल्या लोकांना याचा संकोच फार. "उगाच कशाला विचारा, विचारलं तर नाही म्हणतील." मीही दोन दिवस फोनभोवती घुटमळलो. शेवटी लावला, तर पलीकडच्या बाईंनी पंधरा मिनिटं न कंटाळता सगळं सांगितलं: कुठला रस्ता उघडा आहे, साध्या गाडीला कुठपर्यंत जाता येईल, चूल पेटवायला बंदी आहे की नाही. शेवटी मी विचारलं, "आणि आम्हाला तिथे राहायचा हक्क आहे ना?" मला काय विचारायचं होतं ते त्यांना कळलं असावं. त्या म्हणाल्या, "सर, ती तुमचीच जमीन आहे." नोकरी नसलेल्या त्या दिवसांत मला हे वाक्य किती बरं वाटलं ते मी सौ.लाही नीट सांगू शकलो नाही.

आता आमचा रस्ता सांगतो. व्हॅलीतून ८७ नंबरच्या हमरस्त्याने पेसन, तिथून २६० ने पूर्वेला वर चढायचं. मोगोयॉन रिम हा एक लांबलचक कडा आहे, आपल्या सह्याद्रीच्या कड्यासारखा. खाली टोंटो नॅशनल फॉरेस्ट, वर अपाचे-सिटग्रीव्हज आणि कोकोनिनो. फीनिक्स सुमारे ११०० फुटांवर आहे, पेसन सुमारे ५०००, आणि कड्याचा माथा साडेसात हजारांच्या आसपास. दर हजार फुटांना साधारण साडेतीन ते पाच अंशांनी हवा उतरते. घरी ११० असताना वर ८० ते ८५ असतं. कड्याच्या माथ्यावरून फॉरेस्ट रोड ३०० जातो. हा मातीचा रस्ता आहे, पण कोरड्या दिवसांत साधी गाडी हळूहळू जाते. हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. वुड्स कॅनियन लेकच्या आसपास गर्दी फार झाल्यामुळे मुक्काम क्रमांकाचे खांब लावलेल्या जागांवरच करायचा असतो, पण त्यासाठी पैसे पडत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पोचलात तर एकही खांब मोकळा मिळणार नाही. आम्ही मंगळवारी जायचो. नोकरी नसलेल्या माणसाला तेवढा एक फायदा.

पहिली खेप जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका रात्रीची. तंबू एका गॅरेज सेलमध्ये १५ डॉलरना घेतला होता. झोपायच्या पिशव्या घेतल्या नाहीत. आईने मिरजेहून जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या आणल्या होत्या, "नातवंडांसाठी". सौ. म्हणाली होती, "आई, या उन्हात तुम्ही गोधड्या आणल्यात?" त्या रात्री पाचही जणांनी त्या ओढाओढी करून पांघरल्या. जाऊन-येऊन सव्वादोनशे मैल, पेट्रोल तेव्हा अडीच डॉलरच्या आसपास गॅलन. तीसेक डॉलरमध्ये गाडीचा खर्च भागला. शिधा घरचाच.

स्वयंपाकाबद्दल एक सांगायला हवं. साडेसात हजार फुटांवर पाणी ९२ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी दाताखाली येते. आमच्या पलीकडचे लोक डबाबंद बीन्स गरम करत होते आणि आमच्या गॅसच्या शेगडीवर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन चौकशीला आले. त्यांना वाटलं, काही फुटतंय की काय. त्यांना आमटी-भात दिला, तो त्यांनी दोनदा घेतला.

दुसरी खेप जूनच्या शेवटी, दोन रात्रींची. आई आनंदाने तयार झाली. पिशवीत तिने गीतरामायणाचं पुस्तक आणि जपमाळ घेतली. आम्ही पाच जणांचं पाणी मोजून घेतलं होतं: माणशी रोज एक गॅलन, शिवाय भांड्यांसाठी वेगळं. म्हणजे पाणी होतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आई घडीच्या खुर्चीवरून उठली, दोन पावलं चालली आणि खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच. मी धावलो. डोळे उघडे होते, पण बोलणं तुटक. मला तिने बाबांच्या नावाने हाक मारली. ओठ कोरडे पडलेले, जीभ पांढरी. मी विचारलं, "आई, छातीत दुखतंय का?" तिने मान हलवली. सौ. म्हणाली, "आई, तुम्ही पाणी कधी प्यायलात?" उत्तर आईने दिलं नाही. ते आमच्या अकरा वर्षांच्या मुलीने दिलं, रडत. "आजी कालपासून पाणी पितच नाहीये. तिचा पेला मला देते. कुणाला सांगू नको म्हणाली."

कारण तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या खेपेला रात्री तिला दोनदा उठावं लागलं. अंधारात टॉर्च घेऊन, सुनेचा हात धरून, झुडपाआड. शिवाय येताना रस्त्यावर अस्वलापासून सावध राहण्याचा फलक वाचला होता. दुसऱ्या खेपेला तिने मनाशी उपाय ठरवून टाकला: पाणीच प्यायचं नाही. ती ब्लडप्रेशरसाठी रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे डाययुरेटिक घ्यायची. गोळी तिने नेमाने घेतली, पाणी घेतलं नाही. त्यात जूनची ॲरिझोनातली हवा कोरडी ठणठणीत, घाम आलेला कळत नाही, लगेच वाळतो. उंचीवर श्वास जोरात होतो, त्यातूनही पाणी जातं. सावलीत खुर्चीवर बसून माणूस सुकतो आणि थंडगार वाटत असल्यामुळे कुणालाच शंका येत नाही.

तिला आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. पाणी गिळता येत होतं, म्हणून घोटघोट मीठ-साखरेचं पाणी दिलं. प्रमाण पाठ ठेवा: एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र तोंडाने काहीही द्यायचं नाही. फोनला सिग्नल नव्हता. तंबू, भांडी सगळं तसंच टाकून आम्ही निघालो. मातीचा रस्ता, मग घाट, पेसनचं हॉस्पिटल येईपर्यंत पाऊण तास. आयुष्यात मी इतकी सावकाश आणि इतकी जोरात गाडी कधी चालवलेली नाही. मागच्या सीटवर मुलगी आजीचा हात धरून सतत तिच्याशी बोलत होती, पाढे म्हणून दाखवत होती.

रक्तदाब खूप खाली गेला होता, मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले. दोन सलाइन लावल्या, रात्रभर ठेवून घेतलं. दुपारी तिसऱ्या वाजता तिने मला ओळखून पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुकर उचललास का?"

आता पैशांचा भाग. बिल सहा हजार डॉलरच्या घरात आलं. आईचा व्हिजिटर विमा मीच काढला होता, सगळ्यांत स्वस्त बघून. शंभरेक डॉलर वाचवले होते. विमा कंपनीचं पत्र आलं की पेशंटला रक्तदाबाचा जुना विकार आहे, गोळी त्याचीच आहे, जुनं दुखणं पॉलिसीत बसत नाही. मी पत्र वाचून दोन दिवस गप्प होतो. मग एका डॉक्टर मित्राने सांगितलं, अपील कर. हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून लिहून आणलं की भरती करण्याचं कारण शरीरातलं पाणी कमी होणं हे होतं. तीन महिन्यांनी निम्म्याच्या आसपास रक्कम मंजूर झाली. उरलेल्या पैशांसाठी हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसात जाऊन स्पष्ट सांगितलं की नोकरी नाही. त्यांनी रक्कम कमी केली आणि बिनव्याजी हप्ते बांधून दिले. मला वाटत होतं की असं विचारणं म्हणजे हात पसरणं. तसं नाही. बिल आलं की आधी बाबवार बिल मागा, मग आर्थिक सवलतीचा अर्ज मागा, आणि हे होईपर्यंत क्रेडिट कार्डावर भरून मोकळे होऊ नका. कार्डावर गेलं की ते तुमचं व्याजाचं कर्ज झालं, हॉस्पिटलशी बोलायला काही उरत नाही.

आईवडिलांसाठी व्हिजिटर विमा घेताना दोन गोष्टी बघा. एक, तो प्रत्येक उपचाराला ठरावीक छोटी रक्कम देणारा आहे की खर्चाच्या टक्केवारीत भरपाई करणारा. पहिल्या प्रकारचा स्वस्त असतो आणि इथल्या बिलांपुढे पुरत नाही. दुसरं, जुनं दुखणं अचानक उफाळलं तर काय, आणि त्याला वयाची अट काय, ते कलम शब्दन् शब्द वाचा. औषधांची यादी, मात्रा आणि आजारांची नावं एका कार्डावर इंग्रजीत लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा.

घरी आल्यावर मी आईवर चिडलो. न चिडता सांगायला हवं होतं, पण भीती ओसरली की राग येतो. ती शांतपणे म्हणाली, "अरे, लहानपणी आम्ही चौघी-पाच जणी पहाटे ओढ्याकाठी जायचो. अंधार असायचा, सोबत असायची. इथे दिवसाउजेडी सुनेला राखण बसवून कशी जाऊ? आणि तुझ्याशी बोलायचं कसं हे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही नकाशाचे रंग शोधले, पाण्याचे गॅलन मोजले, आणि अडुसष्ट वर्षांची बाई शौचाला कुठे जाणार हा विचार घरातल्या एकानेही केला नव्हता. पुरुषांच्या तर डोक्यातच येत नाही.

म्हणून आता आमच्या सामानात पहिली वस्तू कोणती, तर पाच गॅलनची बादली आणि तिच्यावर घट्ट बसणारं झाकणाचं सीट. आत दुहेरी पिशवी आणि ओलावा धरून ठेवणारी पूड. सोबत एक उभा, चिंचोळा, आपोआप उघडणारा तंबू, माणसाला आत उभं राहता येईल एवढा. आत एक खुंटी, पाण्याचा तांब्या आणि बॅटरीचा दिवा. हा तंबू झोपायच्या तंबूपासून जवळ लावतो, रात्री हाक ऐकू येईल इतका. भरलेल्या पिशव्या घट्ट बांधून परत आणतो. ज्यांना चालत जायला हरकत नाही त्यांनी सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, पाण्यापासून आणि मुक्कामापासून दोनशे फूट लांब, म्हणजे साधारण सत्तर पावलं, आणि कागद पुरायचा नाही, पिशवीत परत आणायचा. वडीलधारी मंडळी बरोबर असतील आणि एवढं जमत नसेल तर पैसे भरून संडास असलेल्या कॅम्पग्राउंडवर खुशाल जा. आपल्यापैकी ज्यांची ६२ वर्षं पूर्ण झाली आहेत आणि जे इथले नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहेत, त्यांच्याकडे सीनियर पास असेल तर बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मेच पैसे पडतात.

तब्येतीबद्दल आणखी थोडं. हृदयविकार, दम, किडनीचा त्रास असेल तर इतक्या उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. डाययुरेटिक घेणाऱ्यांनी त्या दिवसांत मात्रा तशीच ठेवायची की बदलायची हेही त्यांनाच विचारा, मनाने गोळी बंद करू नका. इन्सुलिन बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया जातं; आणि खाली व्हॅलीत थांबलात तर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. पाणी किती प्यायलात हे वृद्धांना विचारू नका, "प्याले" असंच उत्तर येतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाची बाटली असते आणि जेवणाच्या वेळी ती रिकामी दाखवावी लागते. यात आजीला सवलत नाही.

आगीचं मी थोडक्यात सांगणार होतो, पण ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही. मे-जूनमध्ये बहुधा चुलीवर बंदी असते. बंदीच्या पहिल्या टप्प्यात फुकटच्या जागांवर लाकडं पेटवता येत नाहीत, बंद करता येणारी गॅसची शेगडी चालते. कधी कधी जंगलच बंद करतात. २०२१ च्या जूनमध्ये ॲरिझोनातली बरीच जंगलं पूर्ण बंद होती. याच रिमखाली १९९० च्या ड्यूड फायरमध्ये सहा अग्निशामक गेले. ती वीज पडून लागलेली. २००२ ची रोडिओ-चेडिस्की आग मात्र माणसांनी लावलेल्या दोन आगी मिळून झाली आणि साडेचार लाखांहून जास्त एकर जळाले. त्यातली एक वाट चुकलेल्या बाईने हेलिकॉप्टरला खूण करण्यासाठी पेटवली होती. आग तुमच्या हातून लागली तर विझवण्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो, आणि तो कुठल्याही घराच्या हप्त्यात बसणारा नाही. आम्ही शेकोटी करतच नाही. मुलं सुरुवातीला कुरकुरली, मग गोधड्यांत शिरून तारे मोजायला लागली.

जुलैपासून पावसाळा. दुपारी ढग येतात आणि रिमवर विजा फार पडतात. गडगडाट ऐकू आला की कड्यापासून आणि उंच एकट्या झाडापासून दूर, तंबूतून निघून गाडीत बसायचं. वाळलेल्या झाडाखाली तंबू कधीच नको. आणि वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कितीही गुळगुळीत वाळू दिसली तरी मुक्काम करायचा नाही. २०१७ च्या जुलैत पेसनच्या उत्तरेला एलिसन क्रीकमध्ये डुंबायला आलेल्या एकाच कुटुंबातली १० माणसं लोंढ्यात गेली. पाऊस वरच्या बाजूला, नुकत्याच जळालेल्या डोंगरावर पडला होता. आमची मुलं त्याच पाण्यात खेळलेली. ती बातमी वाचून मी बराच वेळ उठलो नाही.

हिवाळ्यात उलट दिशेला जायचं, दक्षिणेच्या वाळवंटात, बीएलएमच्या पिवळ्या रंगात. जानेवारी-फेब्रुवारीत सोनोरन डेझर्ट नॅशनल मॉन्युमेंटमध्ये सग्वारोच्या रांगांत झोपायला मिळतं. रात्री चांगलीच थंडी पडते. सावली नसते आणि पाण्याचं नाव नाही, त्यामुळे वरचे सगळे हिशेब तिथेही तसेच. गुरांच्या किंवा प्राण्यांच्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तंबू ठोकू नका. त्यांना तेवढंच पाणी असतं, आणि ॲरिझोनाचा कायदाही आहे.

मंडळाची सहल काढायची कल्पना अधूनमधून कार्यकारिणीत निघते. जरूर काढा, पण माणसं ७५ किंवा त्याहून जास्त झाली तर फॉरेस्ट सर्व्हिसचा गटाचा परवाना आधी घ्यावा लागतो. आपला हिशेब "चाळीस येतील" म्हणून सुरू होतो आणि नव्वद पानं वाढावी लागतात, हे कोजागिरीला आपण दर वर्षी बघतो.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मला नोकरी लागली. आई २०११ मध्ये पुन्हा आली. विमानतळावरून घरी येताना मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "यंदा वर जायचं ना?" गेलो. उभ्या तंबूत शिरून तिने आतली खुंटी, दिवा, तांब्या सगळं तपासलं, बाहेर आली आणि सुनेला म्हणाली, "मिरजेच्या घरच्यापेक्षा बरा आहे." मग खुर्चीवर बसून तिने आपली बाटली अर्धी रिकामी केली आणि मुलीला दाखवली.

बादली, उभा तंबू आणि मोठा कुकर असलेली ट्रंक आमच्या गॅरेजमध्ये आहे. मुलं आता आपापल्या गावी असतात, त्यामुळे ती वर्षातून दोनदाच निघते. मंडळातल्या कुणाला हवी असेल तर घेऊन जा, फक्त मेच्या आधी सांगा आणि कुकरची रिंग नवी बसवून घ्या, जुनी वाफ सोडते.